सत्तेचाळीस नंबर आणि पाटणकर मॅडम

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वेडंवाकडं येतं, त्याबद्दल आधीच माफी मागते. हे कोणाला दाखवायचं नाही. पण पाटणकर मॅडमबद्दल कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटतं.

कोरेगावजवळ नवं बियाणं तयार करायचं एक शेत होतं. तिथे मी रोजानं जात होते. पाटणकर मॅडम तिथल्या शास्त्रज्ञ, त्यांच्याकडे वाटाण्याचं काम होतं. सकाळी आल्या की चपला बांधावर काढून त्या सरीत शिरायच्या आणि झाडांच्या एकेका ओळीला तिच्या नंबरानं हाक मारायच्या. "काय सत्तेचाळीस, फुलं आली का? बारा, तू अजून झोपलेलीच!" आमच्यातली हिराक्का हळूच म्हणायची, "पोरगी बघाय आल्यावानी बघत्यात बाई. आता चालून दाखव म्हणाया नकोत." मॅडमना ऐकू जायचं. त्या म्हणायच्या, "बघते तर तसंच. पण मला पसंत करायची घाई नाही, हिराबाई."

झाडाला शेंगा किती, शेंगेत दाणे किती, दाणा केवढा, सगळं त्या लिहायच्या. एका वाणाची कळी उमलायच्या आत चिमट्यानं उघडायची, तिला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. त्या बियांच्या पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक बुटकं, कुणाला शेंगाच शेंगा. आम्हाला वाटायचं, बियाणं बिघडलं. मॅडम मात्र खूश. "सगळी सारखी निघाली तर निवडू काय? वेगळं दिसलं की मला हाक मारायची, सुनंदा." मला कुठली हाक मारवते! मी नुसती त्या झाडाजवळ जाऊन उभी राहायचे. त्यांना ते कळायचं.

सत्तेचाळीस नंबरवर त्यांची दहा वर्षं गेली होती. निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्या नंबरला शेंगा भरपूर होत्या. दाण्याचं वजन जुन्या वाणापेक्षा चांगलं भरलं, की ते बियाणं गावोगावी पेरायला जाणार होतं. प्रत्येक नंबरचे शंभर दाणे मोजून द्यायचं काम हिराक्काला आणि मला दिलं. सत्तेचाळीसची पिशवी माझ्याकडे आली. वजन सगळ्यांत जास्त भरलं. मॅडमनी पेढे वाटले.

दोन दिवसांनी त्या एका विद्यार्थिनीला सांगत होत्या, "दाणे निवडायचे नाहीत. न बघता हाताला येतील ते घ्यायचे. बारके, सुरकुतलेले, सगळे." माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी तर शंभरच्या शंभर निवडून दिले होते. घरी बियाला ठेवताना टपोरा दाणा तेवढा घ्यायचा, हे लहानपणापासून हाताला लागलेलं वळण. त्यात हा मॅडमचा लाडका नंबर. त्याचा बारका दाणा पुढे कसा करू?

हिराक्काला सांगितलं. ती म्हणाली, "गप बस की गं. वाटाणा काय बोलाय येतोय व्हय? तुला कामावरनं काढतील, वर त्या बाईंचं तोंड उतरंल ते येगळंच."

पण लोक ते बियाणं भरवशानं पेरणार होते. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले.

"काय गं, काय वेगळं दिसलं?"

"मॅडम, म्या दाणं निवडून दिल्यात. सत्तेचाळीसचं."

त्या ओरडल्या नाहीत. पिशवी आणली, डोळे मिटून शंभर दाणे काढले, तोलले. पुन्हा काढले, पुन्हा तोलले. असं पाच वेळा. वजन जुन्या वाणाच्याही खाली आलं. त्यांनी सत्तेचाळीसवर लाल रेघ मारली. मग म्हणाल्या, "चूक माझी. काम देताना मी सांगितलंच नाही."

मला राहवेना. "मॅडम, मग त्येच टपोरं दाणं पेरलं तर? पुढं टपोरंच येतील की."

त्या एकदम हसल्या. "नाही गं. इतक्या पिढ्यांनंतर हे सगळे दाणे आतून एकच. शेंगेच्या टोकाला बसलेला उपाशी राहतो, मधला पोटभर जेवतो, एवढंच. पण मी म्हणते म्हणून मानू नकोस. पेरून बघ." आणि दोन पुड्या हातात ठेवल्या, एक टपोऱ्यांची, एक बारक्यांची.

त्या निवृत्त होऊन सांगलीला, विश्रामबागेत लेकीकडे गेल्या. मी दिवाळीनंतर आमच्या विहिरीकडच्या तुकड्यात दोन ओळी पेरल्या. बारक्या दाण्याची रोपं सुरुवातीला नाजूक होती. फुलं आली तोवर मात्र कुठली ओळ कुठली, हे मलाच ओळखू येईना. काढणी झाल्यावर दोन्हीकडचे शंभर-शंभर दाणे सोनाराकडे नेले. तो म्हणाला, "वैनी, वाटाण्याचं डोरलं करायचं हाय का काय?" मी मान खाली घालून तोलून घेतलं.

एसटीनं सांगलीला गेले. मॅडम अंथरुणाला खिळल्या होत्या. ती आमची शेवटची भेट. पुढच्या महिन्यात त्या गेल्या. मला बघून त्यांनी आधी वजनंच विचारली. मी सांगितली. दोन्ही ओळींत गुंजभराचाही फरक नव्हता.

"न बघता मोजलेस?"

"व्हय. डोळं गच्च मिटून."

त्यांनी लेकीकडून वही मागून घेतली. आकडे स्वतः लिहिले. खाली 'मोजणी' असं लिहून त्यापुढे माझं नाव घातलं, आडनावासकट. म्हणाल्या, "मोजणारीचं नाव लागतंच, सुनंदा. उद्या कोणी विचारलं, तर तू सांगायचंस."