ती केळी पाहायला आली नव्हती

आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढची माहिती कोणी विचारली नव्हती. लढाई संपली, ते धुळ्याजवळच्या गावी परतले, लग्न केलं, शेती केली. बर्फाचा विषय निघाला की दोन वाक्यं बोलायचे आणि बैलांकडे वळायचे.

माझी मुलगी पुण्याला असते. तिच्या मैत्रिणींनी वाढदिवसाला तिला लाळेच्या चाचणीचा डबा भेट दिला. नळीत लाळ पाठवायची, मग तुमचे पूर्वज कुठले आणि जगात तुमचं रक्त कुठे कुठे आहे ते कळतं, असा तो प्रकार. निकालात एक इटालियन बाई तिची नातेवाईक निघाली. त्या बाईचा निरोपही लगेच आला. ती बरीच वर्षं आपल्या घराण्याचा शोध घेत होती. आईकडची माणसं तिला चर्चच्या नोंदींत कित्येक पिढ्या मागेपर्यंत सापडली होती. मात्र आईच्या वडिलांच्या जागी ‘अज्ञात’ लिहिलेलं होतं. आजी एवढंच सांगायची, की तो हिंदुस्थानी शिपाई होता.

जळगावात वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी सगळी नोकरी झाली. एका सूत्रावर बातमी लावायची नाही, ही तिथली सवय. म्हणून मीही लाळ पाठवली. निकाल तोच आला, नातं आणखी जवळचं निघालं. माझे आजोबा तिचेही आजोबा होते.

तिने कळवलं की ती डिसेंबरात येते आहे. तिची मागणी एकच होती. तिची आई म्हणजे आजोबांची इटलीतली मुलगी. वय ऐंशीच्या आसपास, प्रवास झेपण्यासारखा नाही. तिला आपल्या भावाला एकदा फोनवर पाहायचं होतं, आणि त्याने आपल्याला बहीण म्हणावं अशी तिची इच्छा होती. माझे वडील आता नाहीत, तेव्हा हा भाऊ म्हणजे माझे काका. आम्ही त्यांना नाना म्हणतो. ते धुळ्याला मुलाकडे राहतात.

चुलतभावाला फोन केला तेव्हा तो आधी हसला.

“भाऊ, सातबाऱ्यावर नाव लावायला तर नाही ना येत ती?”

मग हसणं थांबवून म्हणाला, “फेब्रुवारीत पोरीचं लग्न आहे. व्याह्यांच्या कानावर गेलं तर? आजोबांनी तिकडे बाई ठेवली होती, असं म्हणतील लोक. नानांना काय सांगायचं ते सांगू. पण गल्लीत नको.”

गल्लीत काय सांगायचं, हा प्रश्न माझ्याकडे आला, कारण शब्दांचं काम माझं. मी म्हटलं, सांग, केळीच्या अभ्यासासाठी आली आहे. परदेशी माणसाला ‘अभ्यासासाठी’ हा शब्द जोडला की कोणी पुढे विचारत नाही, हे डेस्कवर शिकलो होतो. चुलतभावाला तोड पसंत पडली.

ती जळगाव स्टेशनवर उतरली. पन्नाशीची, उंच, पाठीला पिशवी. पहिल्या भेटीत तिने हात पुढे केला नाही, नमस्कार केला. घरून शिकून आली होती. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत ती कपाशीच्या शेतांचे फोटो काढत होती आणि विचारत होती, आजोबांचं शेत असंच होतं का. असंच होतं, मी सांगितलं.

नाना पलंगावर बसले होते. त्यांना आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. तेव्हा ते ‘बरं’ म्हणाले होते आणि तो विषय पुन्हा काढला नव्हता. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. नानांनी तिच्याकडे न पाहता पाय आत ओढून घेतले. चहा आला. चुलतभाऊ दारापाशी उभा राहिला, रस्ता दिसेल असा.

थोड्या वेळात शेजारच्या अक्का ताट घेऊन आत आल्या. ताटात डझनभर केळी होती. चुलतभावाचा निरोप गल्लीत पोचला होता.

“ले व माय, खाय,” त्या पाहुणीला म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. “पन केयी तं जयगावले. धुयामा काय देखाले उनी ही बाई?”

केळी जळगावची, धुळ्याची नव्हे; जिल्ह्याची पानं वर्षानुवर्षं लावणाऱ्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं. चुलतभाऊ म्हणाला, बाजारभाव पाहायला. अक्का ‘हां’ म्हणाल्या आणि खालीच ठाण मांडून बसल्या. पाहुणीने केळं सोललं, एक घास खाल्ला, हसून मला विचारलं, “केयी?” मी मान हलवली.

अक्का उठेनात, म्हणून मी तिला इंग्रजीत म्हटलं, जे सांगायचं ते सांग. अक्कांना इंग्रजी कळत नव्हतं. ती बोलत गेली, मी नानांच्या कानाशी मराठीत सांगत गेलो, हलक्या आवाजात.

तिच्या आजीने लग्न केलं नाही. माणसं विचारायची, तर ती म्हणायची, त्याने मला शब्द दिला आहे. पलटण निघाली त्या सकाळी आजीने फाटकापाशी विचारलं होतं, परत येशील ना? आणि तो म्हणाला होता, यस. एवढाच शब्द. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण यस कोणालाही कळतो. गाव तिच्या पोरीला ‘यसची पोर’ म्हणून चिडवायचं. शाळेत, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर. तीच पोर आता म्हातारी होऊन तिकडे फोनची वाट पाहत होती.

“तो यस म्हणाला,” मी नानांना सांगितलं.

नानांनी पहिल्यांदा मान वर केली.

“यस नही रे. येस. आबा कोठे इंग्रजी बोले? घरना बाहेर पाय ठेवा का म्हने, येस.”

खानदेशी बोलीत ‘येस’ म्हणजे ‘येतो’. निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. नळावर जाताना, शेतात जाताना, लांबच्या गावी जाताना, ‘येस’. आजोबांच्या तोंडून हा शब्द मी लहानपणी रोज ऐकला होता. तिच्या गोष्टीत तो मला ओळखता आला नाही, कारण घरातली ती बोली मी केव्हाच सोडून दिली होती आणि कान ‘यस’ ऐकायला तयार होता.

पाहुणीने विचारलं, काय म्हणाले? मी नेमकं सांगितलं. तो इंग्रजी शब्द नव्हता. आमच्याकडे निघताना म्हणायची ती रीत आहे. त्याचा अर्थ ‘येतो’ असा होतो, पण तो सगळेच म्हणतात.

“म्हणजे ते वचन नव्हतं,” ती म्हणाली.

“नव्हतं असंच म्हणावं लागेल,” मी म्हणालो. मजकुरात चूक नव्हती. तिने हातातलं केळं ताटात ठेवलं.

“काय सांगं रे तिले?” नाना म्हणाले.

“सांगितलं, की ती आपली रीत आहे. निघताना म्हणायची.”

“रीत!” नानांचा आवाज चढला. “येस म्हनीसन तो गया का परत? नही गया. तिनी आजी वाट देखत ऱ्हायनी. आन् तू तिले रीत सांगस?”

अक्का एकदा नानांकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागल्या. “काय व्हयनं, नाना? कोन शे ही?”

चुलतभाऊ घाईने म्हणाला, “काही नाही अक्का, ते केळीचं...”

“केयी-बियी काही नही,” नाना म्हणाले. “मनी भाची शे. मोठी बहीन शे मनी, इटलीमा. आबानी पोर.”

चुलतभावाने दार लोटून घेतलं. ते उघडं होतं तेव्हा गल्लीत कोणी नव्हतं आणि ज्यांना कळायचं त्या अक्का आतच बसल्या होत्या. त्या उठल्या. माझ्या डोळ्यांसमोर फेब्रुवारीचं लग्न आलं.

“माय व!” अक्का म्हणाल्या. “भाची घर उनी, आन् मी केयी ली उनू!” त्यांनी ताट उचललं आणि डाळ शिजायला टाकते, पुरणपोळी खाल्ल्याशिवाय पोरीला जाऊ देऊ नका, असं बजावून निघून गेल्या.

आम्ही ज्या गल्लीला भ्यालो होतो तिचं म्हणणं एवढंच होतं. चुलतभाऊ माझ्याकडे पाहत नव्हता. मीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

फोन लागला. पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई दिसली, मागे पडदे आणि भिंतीवर क्रूस. नाक आजोबांचं होतं. नानांनी दोन्ही हातांनी फोन धरला.

“ताई,” ते म्हणाले. “मी तुना भाऊ शे. धाकला.”

तिला शब्द कळले नाहीत, मुलीने सांगितले. म्हातारीने तोंडावर हात ठेवला. मग तिने विचारलं, ते कसे दिसायचे? नाना म्हणाले, “आसा,” आणि फोन चेहऱ्याजवळ नेला, इतका की तिकडे नुसतं नाकच दिसत असणार. ती हसली. दोघं एकमेकांची नाकं पाहत बसले.

बोलणं संपत आलं. नानांनी निरोप घ्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आमच्या घरात त्या एका शब्दाशिवाय कोणी फोन ठेवत नाही. नानांचे गुडघे गेलेले आहेत, ते गल्लीच्या टोकापर्यंतही जात नाहीत. त्यांनी काही न म्हणता हात जोडले आणि फोन भाचीकडे दिला.

परतीच्या वाटेवर पाहुणीच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा होता. पारोळ्याच्या पुढे तिने विचारलं, “त्या बाईंनी केळी का आणली होती? सगळे तोच शब्द म्हणत होते.”

सांगणं भाग होतं. तू केळीचा अभ्यास करायला आली आहेस असं आम्ही लोकांना सांगितलं होतं, मी म्हणालो. आधी ‘आम्ही’ म्हटलं. मग दुरुस्ती केली आणि ते मी सुचवलं होतं, असं सांगितलं.

ती रागावली नाही. “आजीही बाहेरगावी माझ्या आईची ओळख भाची म्हणून करून द्यायची,” एवढं बोलून ती खिडकीबाहेर पाहू लागली. कपाशीचे फोटो काढले नाहीत.

जळगाव स्टेशनवर गाडी आली. तिने पिशवी चढवली, डबा हातात घेतला आणि दारात उभी राहून माझ्याकडे पाहिलं.

“येस,” ती म्हणाली.

मी काही विचारलेलं नव्हतं, तेव्हा ते उत्तर नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी ‘ये’ म्हणतात. माझ्या तोंडून मात्र निघालं, “हॅपी जर्नी.”

गाडी हलली.