रुमालाखालचा कौल

“हे कोन सांगून राह्यला?”

कोणतीही बातमी ऐकली की मामा आधी हे विचारीत आणि सांगणाऱ्याचे तोंड न्याहाळीत. आमच्या तालुक्याच्या बैलबाजारात ते दलाल होते. संशयावरच त्यांचे पोट चाले. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल: खांद्यावर रुमाल, चेहऱ्यावर काहीच नाही. सौदा करताना ते समोरच्याचा हात रुमालाखाली घेत. बोटे दाबून भाव ठरे. बघ्यांना पत्ता लागत नसे.

बांगलादेशच्या युद्धानंतरचे दिवस होते. पाकिस्तानला नमवले, आता चीनने घेतलेला मुलूखही सैन्य पाठवून परत घ्यावा, अशी चर्चा चहाच्या हॉटेलात रंगे. मामांचा एकुलता मुलगा चीनच्याच सीमेवर शिपाई होता. मी एका दैनिकाचा वार्ताहर. ऐकायला बसत असे.

“पण त्यांच्याकडे अणुबाँब आहे,” मी एकदा म्हणालो.

“नुसता धाक हाय तो,” कापडवाले शेठ म्हणाले. “टाकत नाई तो.”

“हे कोन सांगून राह्यला?” मामांनी मान वळवली. “बैल मारत नाई, हे इकनाराच सांगते, शेठ. शिंग घेनाऱ्याले लागते.”

“भेव वाटते काय, मामा?”

“वाटते ना. तुमचं पोरगं दुकानात हाय. माह्यं तिकडं हाय.”

शेठनी तिथेच कौल मागितला. चढाई व्हावी म्हणून सगळे हात वर गेले. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला.

“आता इथं सांगा. चढाई पाह्यजे तं एक बोट, नको तं मूठ.”

हसत हसत एकेकाने रुमालाखाली हात दिला. शेठनीही दिला.

“काय निघालं?” मी विचारले.

“दलाल आतला भाव सांगत नसते, पेपरवाले.”

रुमाल झटकून ते निघून गेले. नंतर त्या हॉटेलात चढाईची भाषा कमी झाली. मूठ कोणी दिली असेल, या विचाराने जो तो शेजाऱ्याकडे पाही.

उन्हाळ्यात मुलगा रजेवर आला. परतीच्या दिवशी एसटी थांब्यावर शेठनी त्याला सगळ्यांसमोर विचारले, “हुकूम आला तं पुढं जाशीन ना रे?”

“जाईन ना, काका. त्याचसाठी तं भरती झालो.”

मामांनी रुमाल पसरला. “आता इथं सांग. बोट का मूठ?” मुलाने हसून हात आत घातला. मग त्याचे हसू गेले. रुमाल किंचित हलला.

भाव कळला की दलाल हात सोडतो. गाडी आली, माणसे चढली, कंडक्टरने घंटी दिली. मामांनी हात सोडला नव्हता.