शिळं उत्तर, ताजं उत्तर

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात मी कामाला आहे. कुठली गाडी कुठवर पोचली हे बघायला काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाईप करावी लागे. ती सर्व्हरला विचारणार, सर्व्हर गाडीतल्या यंत्राला विचारणार, तोवर आम्ही हातावर हात ठेवून बसायचो. आम्ही म्हणजे मी आणि शेजारच्या टेबलावरची बोनकोड्याची मुलगी. त्या फुकटच्या वेळात ती घरच्या गमती सांगायची, मी जुईनगरच्या आमच्या सोसायटीतल्या भांडणांच्या नकला करायचो. मला ती आवडायची. सरळच सांगतो, अजून आवडते, आणि त्या नुसत्या बसण्यासाठी आजही जीव तुटतो.

साहेबांना मात्र तो खोळंबा बघवत नसे. मग मी डोकं चालवलं. एकदा आलेलं उत्तर फाईलमध्ये साठवायचं, आणि थोड्या वेळात कुणी तेच विचारलं की साठवलेलंच पुढे करायचं. एंटर दाबताच उत्तर हजर. साहेब खूश. मीही दिवसभर कॉलर ताठ करून फिरलो. ती तेवढी तिच्या आगरी बोलीत म्हणाली, "मना शिलं नको. ताजं दे."

म्हणून मी एक सोय केली. कमांडच्या शेवटी 'ताजं' लिहिलं की साठवलेलं बाजूला ठेवून कमांड पुन्हा सर्व्हरकडे जायची, पहिल्यासारखीच रमतगमत. बाकी कुणी त्या सोयीच्या वाटेला गेलं नाही. ती मात्र दर वेळी 'ताजं' लिहायची आणि खुर्ची माझ्याकडे वळवायची. मला वाटायचं, पोरगी कामाला फार चोख आहे.

पुढे तिला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी, निघायच्या जरा आधी, तिने एका गाडीचा नंबर टाकला, 'ताजं' लिहिलं आणि खुर्ची वळवली. मी सहज खिडकीतून खाली पाहिलं. तीच गाडी आमच्या यार्डात उभी होती, चाकं काढलेली.

"अगं, ती खालीच उभी आहे की!"

"माहीत हाय मना," ती म्हणाली. "कवापासून हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळं एकदम ओठांवर आलं, मीही खुर्ची तिच्याकडे वळवली. आणि कधी नव्हे तो त्या दिवशी सर्व्हर चटकन बोलला. तिने स्क्रीनकडे पाहिलं, हसली आणि बॅग खांद्याला लावली.