चौकुळच्या कोळ्याचं बारसं

दुपारची वेळ. सूक्ष्मदर्शकावर कपाळ टेकवून रेडकर मॅडम डोळे मिटतात, क्षणभरच म्हणून. काचेखाली मातीत राहणारा एक कोळी आहे, आठ पायांचा, मोहरीहून कितीतरी लहान. शास्त्राला अजून ठाऊक नसलेला. तो सापडला त्यांच्या विद्यार्थिनीला, चौकुळ गावच्या उल्का गावडेला, तिथल्याच मातीत. होळीनंतर उल्का तापाने गेली. कोळ्याच्या वर्णनाचा लेख मॅडमनी एकट्यांनीच पुरा केलाय. आता त्याला नाव द्यायचं तेवढं राहिलंय. नावही ठरलंय, उल्काचं. पण लिहायला हात उचलत नाही.

"मॅडम, उजेड कमी करा. त्याला सोसत नाही."

शेजारच्या स्टुलावर उल्का बसलीये. ओढणी कमरेला खोचलेली, केस ओले.

मॅडम दिवा मंद करतात. टेबल आता टेबल राहिलेलं नाही, चौकुळचा उतार झालाय. दोघी पालापाचोळ्यात गुडघे टेकून बसल्यात. समोरून कोळी चाललाय, म्हशीएवढा, संथ. पाठीवरचे पिसांसारखे केस वाऱ्याने हलतायत. त्याचं दोघींनाही नवल वाटत नाही.

"पाठीवरचे केस परत पाहिलेत?" उल्का विचारते.

"पाहिले. कुठल्याच जातीशी जुळत नाहीत. तुझंच बरोबर होतं." मॅडम तिच्याकडे वळतात. "तुझं नाव देतेय त्याला."

उल्का मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडतेय. हे तिच्या आईचं स्वयंपाकघर. चुलीमागची भिंत धुराने काळी झालेली.

"तुझ्या आईला बरं वाटेल गं."

"आईला वाटेल. मला नको."

"का?"

"लेख लिहिणाऱ्याने नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, तुम्हीच शिकवलंत. म्हणजे माझं नाव त्याला दिलंत की लेख एकट्या तुमचा." तिचा आवाज चढत नाही. "माती मी चाळली, मॅडम. पहिलं चित्र मी काढलं. मला कोळ्यात नका ठेवू. लेखात ठेवा."

मॅडमना हे कधी सुचलंच नव्हतं. गेलेल्या माणसाला मान द्यायचा, एवढंच त्यांनी धरलं होतं. गेलेल्या माणसाचं काम अजून त्याचंच असतं, हे राहून गेलं.

"मग त्याला काय म्हणू?"

"चौकुळचा आहे तो. चौकुळचाच म्हणा."

"तू थांबतेस ना जरा?"

उल्का सूप पुढे सरकवते. मॅडमचा हात धरून ती सुपातल्या तांदळात खुपसते. आत तांदूळ नाहीत. गार, ओला पालापाचोळा आहे, खोल खोल.

मॅडम डोळे उघडतात. प्रयोगशाळेतला पंखा बंद पडलाय, वीज गेलीये. खिडकीबाहेर मे महिन्याचं मैदान भेगाळून पडलंय. मॅडमच्या बोटांना काळी ओली माती लागलीये आणि एका नखात कुजलेल्या पानाचा तुकडा अडकलाय.

मॅडम नळाकडे जात नाहीत. लेखाचं पहिलं पान पुढे ओढतात. शीर्षकाखाली त्यांचं एकट्यांचं नाव आहे. त्याच्या आधी, डावीकडच्या मोकळ्या जागेत, पेन्सिलीने सावकाश लिहितात: उल्का गावडे.

अक्षरांवर ओल्या मातीचा डाग पसरतो. त्या तो पुसत नाहीत.