इंदूरला पाठवलेला तंबोरा

बायकोला इंदूरला जाऊन वर्ष होत आलं असताना एका सकाळी तिचा फोन आला. मी बागेत पेरूची छाटणी करत होतो.

"माझा तंबोरा पाठवाल का?" तिनं विचारलं.

"पाठवतो."

मग तिनं विचारलं, तिकडं पाऊस झाला का. मी म्हटलं, झाला बऱ्यापैकी.

आमचं भांडण असं कधी झालं नाही. मूल झालं नाही. त्यासाठी बारामतीच्या दवाखान्यात खेपा झाल्या, मग त्या खेपाही थांबल्या, आणि त्यानंतर घरात बोलण्यासारखं फार काही उरलं नाही. इंदूरच्या एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी तिला मिळाली, तेव्हा तिला बसमध्ये बसवायला मीच गेलो होतो. गावात सांगितलं, नोकरी लागली, सुट्टीत येईल. माझ्या वडिलांना, आबांनाही तसंच सांगितलं. तिनं थोडे कपडे नेले, तंबोरा मात्र मधल्या खोलीच्या कोपऱ्यात गवसणी घालून ठेवला होता. त्यामुळं कुणाला काही विचारावं लागलं नाही. मलासुद्धा.

फोन ठेवला आणि उरलेली ओळ छाटून टाकली. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हातातली कात्री नीट चालत होती, एवढंच लक्षात राहिलं.

बारामतीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, असं नाजूक सामान लाकडी खोक्यात असेल तरच घेतो. गवसणीवर भरवसा नाही. तेवढा लांब खोका तयार मिळणं शक्य नव्हतं. मग घरीच करायचं ठरलं.

मी मापाला टेप शोधत होतो. आबा म्हणाले, "टेप कशाला पायजे?" त्यांनी ठिबकच्या नळीचा एक तुकडा आणला, तंबोऱ्याच्या शेजारी जमिनीवर ठेवला, दोन्ही टोकांना वीतवीतभर जास्त सोडून विळ्यानं कापला. तेच आमचं माप. घराच्या स्लॅबच्या वेळचं सेंट्रिंगचं प्लाय गोठ्यामागं पडलं होतं. त्याला सिमेंटचे डाग होते, पण आतून ठणठणीत होतं. ते पुसून कापलं, कोपऱ्यांना आतून पट्ट्या ठोकल्या.

अवघड होता तो तंबोऱ्याचा भोपळा. मोठा, गोल, आणि दिसतो तेवढा मजबूत नसतो. नुसता तळाला टेकवला तर पहिल्या खड्ड्यातच तडा जायचा. मी फळीला अर्धगोल खाच पाडून दोन आधार केले, त्यांना मोटारसायकलची जुनी ट्यूब कापून लावली. भोपळा त्या दोन आधारांच्या मध्ये अधांतरी बसला. दांडीला आणखी दोन ठिकाणी तसेच आधार दिले.

"आन् भवतीनं काय घालायचं?" आबांनी विचारलं.

पेरूला झाडावरच घालतो त्या फोमच्या पांढऱ्या जाळ्या शेडमध्ये पोतंभर होत्या. त्या खोक्यात सगळीकडं दाबून भरल्या.

त्याआधी तारा उतरवायच्या होत्या. इतक्या वर्षांत मी खुंटीला हात लावला नव्हता. तिला फोन केला.

"अगदी सैल करू नका," ती म्हणाली. "तारांखालची घोडी जागची हलेल. नुसता ताण कमी करा."

"कळणार कसं?"

"आवाज खाली येईल. ऐकू येईल तुम्हाला."

फोन चालूच ठेवून मी एकेक खुंटी फिरवली. तार छेडायची, खाली आणायची, परत छेडायची. पलीकडून ती म्हणायची, "अजून थोडी," किंवा "बास." चौथी तारही खाली आली. मी फोन उचलला. "झालं," मी म्हटलं. ती "बरं" म्हणाली.

झाकण लावताना आबांनी हातातली हातोडी खाली ठेवली. "खिळं नको. स्क्रू लाव. परत आणायच्या वक्ताला ह्योच खोका कामाला यील."

मी स्क्रू पिळायला लागलो. आबा माझ्याकडं बघत होते.

"तंबोरा परत येणार न्हाय व्हय रं?" ते म्हणाले.

"न्हाय."

"आन् ती?"

मी पुढचा स्क्रू घेतला. आबा उठले आणि जनावरांना पाणी दाखवायला गेले.

दुसऱ्या दिवशी खोका पिकअपमध्ये चढवला. आबा पुढं बसेनात. "धरायला माणूस लागतंय," म्हणाले, आणि मागं हौद्यात चढून खोक्याला दोन्ही हातांनी मिठी घातल्यागत बसले. सणसरला उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकलो. आरशातून बघितलं तर त्यांची टोपी, मिशा, सगळं धुळीनं एकाच रंगाचं झालेलं. मी हॉर्न वाजवला नाही.

ट्रान्सपोर्टच्या माणसानं विचारलं, आत काय. मी सांगितलं, तंबोरा. त्यानं 'घरगुती सामान' असं लिहून घेतलं. हमालांनी खोका उचलला तेव्हा आबा त्यांच्या बरोबरीनं गाडीपर्यंत चालत गेले. "आडवाच ठिवा बरं का," एवढं सांगून परत आले.

आठवड्यानं तिचा फोन आला. तंबोरा पोचला, कुठं लागलं नव्हतं.

"सुरात लावला?" मी विचारलं.

"लावते आज." मग म्हणाली, "वकिलाशी बोलले मी. दोघांनी मिळून अर्ज केला तर सोपं जाईल म्हणतात."

"करू."

"तुम्हाला काही विचारायचंय?"

मी विचार केला. खरंच काही सापडलं नाही. "न्हाय," म्हटलं.

शेवटच्या तारखेला ती बारामतीला आली. कोर्टातलं काम आटोपल्यावर आम्ही बाहेर चहा घेतला. शाळेतल्या मुली बऱ्या गातात, म्हणाली. मी पेरूचा बहार चांगला धरलाय, म्हणालो. तिनं आबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. बस लागली तशी तिची पिशवी वर ठेवून दिली. ती खिडकीत बसली, मी खाली उभा राहिलो. कंडक्टरनं घंटी मारली.

येताना आमच्या गावाचा फाटा कधी मागं पडला कळलं नाही. इंदापूरच्या स्टँडपाशी आल्यावर ध्यानात आलं. गाडी वळवली आणि निघालो.

आबा ओट्यावर बसले होते. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

ते जरा सरकले, मी शेजारी बसलो. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथंच होतो.