तिसऱ्या सर्व्हरचं घड्याळ

माझी मुलगी झिबेक अल्माटीतल्या एका पीठगिरणीच्या कचेरीत सर्व्हर सांभाळते. तिथल्या हिशेबनीस बायका आपापल्या टेबलावरून लॉगिन करतात, पण त्यांचं काम चालतं तीन सर्व्हरांवर. तिसरा जुना, पहिले दोन भरले तरच त्याच्याकडे कुणाची पाठवणी होते. झिबेक हुशार आहे, पण लहानपणापासून काही बिघडलं की ती आधी दुसऱ्याच्या हाताकडे बघते. घरात दूध उतू गेलं तरी दोष माझ्या शेगडीचा.

मार्चात साऱ्या कझाखस्तानची वेळ एक झाली, आमची घड्याळं तासभर मागे गेली. त्यानंतर हिशेबनीस कुल्याश आपायना लॉगिन करता येईना; आपाय म्हणजे आमच्याकडची ताई. निवृत्तीला टेकलेली ही बाई सकाळी सगळ्यांना चहा ओतून मग आपल्या टेबलाशी बसते, सर्वांत शेवटी.

"आपाय, चष्मा लावा ना," झिबेक म्हणाली. "कीबोर्ड कझाखवर राहिला असेल."

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासून टाइप करतेय मी."

जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांनी लॉगआउट करून सर्व्हर रिकामे असताना, झिबेकनं त्यांचाच पासवर्ड आपल्या जागेवरून टाकून पाहिला. लगेच चालला. "बघा, माझ्या हाताला बरा ओळखतो! आपायना आता नातवंडांकडेच पाठवा." खोली हसली. गिरणीचे संचालक दारातच उभे होते, ते हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी आपायना बोलावून सांगितलं, काम एखाद्या तरुण मुलीकडे सोपवायचा विचार करा.

दुसऱ्या दिवशी उशिरा आलेली एक मुलगीही बाहेरच अडकली, तेव्हा कुठे झिबेकनं तिसरा सर्व्हर उघडला. घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत होतं. पण नव्या वेळेचा नियम त्या जुन्या यंत्रात बसलाच नव्हता, ते अजून जुन्याच वेळेच्या हिशेबानं चालत होतं. झिबेकनंच घाईत काटा हातानं मागे ओढला होता. त्यामुळे पासवर्ड तपासणाऱ्या मुख्य सर्व्हरच्या हिशेबानं तो तासभर मागे पडला, आणि वेळ जुळत नाही म्हणून त्याच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे शेवटी बसणाऱ्याला, नकार मिळत होता.

मी बाउरसाक, आमचे पिठाचे फुगीर गोळे, तळले, डबा भरला आणि तिच्याबरोबर आपायच्या घरी गेले. त्यांनी आम्हाला मानाच्या जागी बसवलं आणि चहा ओतला, पेल्याच्या काठापर्यंत. आमच्यात पाहुण्याला घोटघोटच वाढतात, म्हणजे तो पुन्हा मागतो. काठोकाठ म्हणजे प्या आणि उठा.

"आपाय, चूक माझीच होती," झिबेक पुटपुटली.

"हसलीस सगळ्यांसमोर. आणि कबुली माझ्या स्वयंपाकघरात?"

मला कुठे बघावं ते कळेना. पोरीला वाढवलं मीच ना! चटके सोसत पेला संपवला. डबा तसाच बंद राहिला.

सकाळी झिबेकनं संचालकांसकट सगळ्यांना बोलावलं. "आपायचा पासवर्ड बरोबर होता. घड्याळ मी बिघडवलं, आणि हसलेही मीच." या वेळी कुणी हसलं नाही.

आपायनी पासवर्ड टाकला. लॉगिन झालं.

"काम तुमच्याकडेच राहू दे, आपाय," संचालक कागदांकडे बघत म्हणाले.

"बघते," आपाय म्हणाल्या.

त्या राहिल्या. आता सकाळचा चहा झिबेक ओतते आणि टेबलाशी शेवटी तीच बसते. आपाय तिच्याशी बोलत नाहीत. नुसता पेला पुढे करतात. माझा डबा अजून त्यांच्याच घरी आहे. मागायला जायचं धाडस मला होत नाही.