पडद्यावरचं लाल लुगडं

वाचायला घेतलंयस ना, मग जरा जवळ सरकून बस. फोनवर ‘येते हं आत्या’ म्हणतेस आणि महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाहीस, हे काही बरं नव्हे. माझं एक वेळ राहू दे, पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांसाठी तरी तू यायला हवीस. एकच सिनेमा सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेला माणूस कोण, अशी स्पर्धा लावली, तर वसई तालुक्यात त्यांच्या जवळपासही कोणी फिरकणार नाही. आणि बक्षीस घ्यायला गेले, तर तिथेही तोच सिनेमा पहिल्यापासून सांगायला लागतील!

सिनेमा तसा साधा, घरगुती. चार भाऊ, एक आई, भांडणं, शेवटी सगळे एका पंगतीला. पण त्यातली जत्रा राजोडीच्या किनाऱ्यावर चित्रित झाली होती आणि गर्दीला गावातलेच लोक उभे केले होते. गर्दीत एक लाल लुगडं डोळ्याचं पातं लवेस्तोवर मागे वळतं. ती म्हणजे आमच्या काकू, नव्या नवरीच्या वेळच्या. म्हणजे असं काका म्हणत. काकू आतून मासे साफ करता करता ओरडायच्या, “अवो, त्या दिवशी मी पापलेटं घेऊन बाजारात होते! किती वेळा सांगू?” की काका म्हणायचे, “तू गप. तुला काय आठवतंय? सिनेमा कोन बघतो, तू का मी?”

तेव्हा कॅसेट होती. त्या जागी थांबवून थांबवून फीत इतकी झिजली होती, की काकूंच्या जागी लाल ठिपका आणि वर रेघांचा पाऊस उरला होता. तरी माणिकपूरची आमची अख्खी बिल्डिंग रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर काकांकडे जमायची. काका खुर्च्या रांगेत लावत, नटांच्या आधी संवाद म्हणत आणि मध्यंतराला चहा-वेफर्स देत. मध्यंतरात उठून जायची कुणाला परवानगी नव्हती. हळूहळू पोरं परगावी गेली, कोणी वर गेलं. तीन वर्षांपूर्वी काकूही गेल्या. प्रेक्षकांत मी एकटी उरले, तरी खुर्च्या अजून बाराच लागतात.

गेल्या नाताळात आखातातल्या लेकाने भिंतीएवढा टीव्ही आणि त्याच सिनेमाची ब्लू-रे पाठवली. काका जिने चढून धापा टाकत वर आले. “वहिनी, चला! आता तिच्या कानातलं पन दिसनार!” भाजलेला पापड धरावा तशी त्यांनी ती तबकडी कडेकडेने धरून आत सरकवली. आणि काय सांगू, वाळूचा कण न्‌ कण दिसत होता. जत्रा आली. लाल लुगडं वळलं.

रुंद नाकाची, दात पुढे आलेली, कोणी तरी दुसरीच बाई.

मी तीस वर्षं काकूंच्या हातचं खाल्लंय गं. मला चुकायचं कारणच नव्हतं. काकांचं बोट बटणावर तसंच राहिलं, चित्र थांबलेलं. स्वयंपाकघरातून आता ओरडायलाही कोणी नव्हतं. मी काही तरी बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, “बाजारातच होती वाटतं. खरं सांगत होती बिचारी.” मला वाटलं, संपला खेळ. पण त्यांनी चित्र मागे नेलं, चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे बारीक केले आणि पुन्हा सुरू केलं. लाल ठिपका वळला. “हां,” ते म्हणाले, “आता आली.”

मीही चष्मा काढला. खरंच, आल्या होत्या.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं भिंतीएवढ्या टीव्हीसमोर चष्मे काढून बसतो, मागे दहा खुर्च्या रिकाम्या. मध्यंतराला काका त्या खुर्च्यांकडे बघतात आणि वेफर्सची बशी माझ्याकडेच दुसऱ्यांदा फिरवतात. तेवढं मात्र मला बघवत नाही. म्हणून म्हणते, या रविवारी ये. तिसऱ्या खुर्चीवर बस. काकांनी विचारलं, “दिसली ना?” तर हो म्हण. तुझे डोळे चांगले आहेत, तेवढे जरा बारीक कर.